बांधापलीकडची ज्वारी

आमच्या गावाचं नाव दुष्काळाच्या यादीतून गळालं ते माझ्यामुळे. हे एवढं वाक्य लिहायला मला तीस-बत्तीस वर्षं लागली. माझ्या शिक्षणाबद्दल कुणी विचारलं की आजवर मी गोष्ट मधूनच सुरू करत आलो. गावाचं नाव यादीत नव्हतं, मग मी लातूरला जाऊन अर्ज दिला, नाव यादीत आलं, माझी फी माफ झाली आणि कॉलेज टिकलं. ऐकणाऱ्याला बरं वाटायचं, मलाही वाटायचं. पण नाव मुळात का नव्हतं, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. या प्रकरणात तेच सांगायचं आहे.

मी तेव्हा नांदेडच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि राहायला मुदखेडला मामांकडे. मामा रेल्वेत पॉइंटमन. जंक्शनच्या कडेला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. शंटिंगचं इंजिन जवळ आलं की मामीच्या फळीवरची ताटं एकमेकांना लागून वाजायला लागायची, आणि मामी पिठाचे हात तसेच ठेवून कोपरानं फळी धरून उभी राहायची. इंजिन गेलं की पुन्हा भाकरीची थापथाप सुरू. सकाळी मामांची पूजा असायची. कपाळाला विभूती लावून, हातात इष्टलिंग घेऊन ते डोळे मिटून बसले की बाहेर कितीही शिट्ट्या होवोत, त्यांची पापणी हलत नसे. मग आम्ही सगळे एका ओळीत जेवायला बसायचो: ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ, माझी माय गावाहून बांधून द्यायची, तेवढीच आमच्या घराची त्या घरात भर. मामांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की मन्मथ, जेवायची काळजी करायची न्हाई, पण फीचं तुझं तू बघ, माझ्याही दोन पोरी शिकतात. त्यात लपवाछपवी नव्हती. त्या वर्षी मामीनं मामांच्या जुन्या खाकी पँटची मला एक पिशवी शिवून दिली. बाहेरच्या खिशाला रेल्वेचं पितळी बटण होतं. वह्या, डबा, कपडे, सगळं त्या पिशवीत. गावी गेलो की लहान पोरं पिशवी बघूनच ओरडायची की मन्मथअप्पा आले. ही पिशवी पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

आमचं गाव रेणापूरजवळ. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान होतं. जिल्हा तेव्हा नुकताच नवा झाला होता. अप्पांनी दुकानाच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून घेऊन त्यावर लातूर लिहवून घेतलं. पेंटरनं रंग पातळ लावलेला, त्यामुळे खालचं नाव उन्हात वर दिसायचं. नव्या जिल्ह्याचं लोकांना कौतुक होतं, कामं आता जवळ होतील म्हणून. पण पाऊस नव्या जिल्ह्यालाही आला नाही. मृगात दोन सरी पडल्या, पेरण्या झाल्या, आणि मग आभाळ नुसतं भरून यायचं आणि निघून जायचं. दिवाळीपर्यंत दुकानात मीठ, काडेपेटी आणि चहाच्या पुड्या, एवढंच खपत होतं. दुकानापुढून दिवसभर रिकाम्या घागरींचा आवाज जायचा. घागर रिकामी आहे की भरलेली, हे माय आतून नुसत्या आवाजावरून सांगायची.

दुकानाशिवाय आमचं थोडं कोरडवाहू शेत होतं. अप्पांचं त्याच्याकडे लक्ष कमीच. वाण्याची शेती म्हणून गावात त्याची थट्टा व्हायची. कुणी म्हणायचं, आप्पा, ज्वारीबी तागडीत टाकून उगवती का काय बघा. अप्पा हसायचे. मी नाही हसायचो. कॉलेजात गेल्यापासून मला त्या शेताची लाज वाटायला लागली होती. आमच्या बांधाला लागून लिंबाजी कांबळे यांचं शेत होतं. ते अप्पांच्या वयाचे, पण मी त्यांना नुसतं लिंबाजी म्हणायचो. आमच्या आळीतली सगळीच पोरं म्हणायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ते मला मन्मथअप्पा म्हणायचे. त्यांनी आणि त्यांच्या भावानं मिळून ओढ्याच्या काठाला एक लहान विहीर खोदली होती. त्या वर्षी तिला जे थोडं पाणी होतं, ते लिंबाजी आणि त्यांची बायको द्वारका बादलीनं शेंदून घालायचे. सगळं रान भिजणं शक्यच नव्हतं. आमच्या बांधालगतचा एक तुकडाच त्यांनी जगवला होता. साऱ्या शिवारात हिरवी ज्वारी फक्त तिथे उभी होती, डोक्याएवढी, भरल्या कणसाची.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी होतो. एका सकाळी दुकानापुढे जीप थांबली. आणेवारीसाठी कापणी प्रयोग करायला साहेब आले होते. गावात पीक किती आलं ते ठरवायला काही शेतं चिठ्ठीनं निवडतात, त्यात दोरीनं चौकोन आखून तेवढंच पीक कापतात, मळतात, वजन करतात. त्यावरून गावाची आणेवारी लागते. ती पन्नास पैशांच्या आत आली तर गाव दुष्काळी. मग शेतसारा सुटतो, चाऱ्याची सोय होते, पोरांची परीक्षा फी माफ होते. दोन शेतं होऊन गेली होती, तिसरा नंबर आमचा निघाला होता. अप्पा आठवडी बाजाराला गेलेले. कोतवाल तापानं पडलेला. तलाठी नव्या जिल्ह्याबरोबर बदलून आलेले, त्यांना शिवार ठाऊक नव्हतं. माय म्हणाली, तू जा, दाखव त्यांना. मी खाकी पिशवी खांद्याला लावून जीपमध्ये बसलो. गावात जीपमध्ये बसायची ती माझी पहिली वेळ.

साहेब तरुण होते, स्वच्छ बोलणारे. कुठे शिकता, विषय कोणते, पुढे काय करणार, असं अहोजाहो करत त्यांनी मला विचारलं. रसायनशास्त्र म्हटल्यावर तेही तेच शिकल्याचं म्हणाले आणि आम्ही दोघं जणू एका वर्गातले असल्यासारखं बोलत गेलो. जीप बांधाजवळ थांबली. डाव्या हाताला आमचं शेत: गुडघ्याएवढी ज्वारी, कणसं निसवून बाहेर आलीच नाहीत, मध्ये तण. उजव्या हाताला लिंबाजींचा तुकडा. साहेब उतरले, डावीकडे बघून म्हणाले, "अरेरे, हे कुणाचं? हे काय शेत ठेवलंय?" आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं कुठलं?"

मी उजवीकडे हात केला.

विचार करून नाही केला. हात केला आणि मग मला समजलं की केला. साहेब म्हणाले, "वा! पाणी दिलेलं दिसतंय." मी म्हणालो, "हो, अप्पांनी फार मेहनत घेतली." इतकी वर्षं झाली, पण मला त्या हातापेक्षा हे वाक्य जास्त टोचतं. शेत चुकीचं दाखवणं एका क्षणात झालं. द्वारकाबाईंच्या हाताचे फोड मी अप्पांच्या नावावर केले, ते मात्र जीभ वळवून केले.

त्यांनी खुंट्या ठोकल्या, दोरी लावली, दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद चौकोन आखला. जीपमधून आणलेल्या मजुरांनी ज्वारी कापली, तिथेच मळली, तोलली. कागदावर मालकाच्या जागी अप्पांची सही मी केली. वजन झालेली ज्वारी मालकाची असते, म्हणून ती त्यांनी माझ्या पिशवीत ओतून दिली. जीप गेल्यावर मी ती पिशवी हातात धरून बांधावर कितीतरी वेळ बसलो. घरी नेता येईना. शेवटी लिंबाजींच्या विहिरीजवळ पिशवीसकट ठेवली आणि पळालो. लिंबाजी आणि द्वारकाबाई त्या दिवशी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलेले होते.

सुट्टी संपायच्या आत चावडीवर सुधारित आणेवारीचा कागद लागला. आजूबाजूची सगळी गावं पन्नासच्या आत, आमचंच वर. लोकांना कळेना. मग कुणीतरी लिंबाजींच्या शेतातला तो कापलेला चौकोन बघून आला आणि गावाला उत्तर सापडलं. दुकानापुढच्या ओट्यावर रोज तेच बोलणं. लिंबाजीनंच सायबाला बोलावून दावलं म्हणे, ज्वारी आली म्हणून मिरवून राहिला. स्वतःच्या विहिरीपायी गाव बुडवलं. आणखीही बोलत, जातीवरून बोलत, ते इथे लिहीत नाही. घरी मी आपलंच शेत दाखवल्याचं सांगितलं होतं. मी आत पुड्या बांधत ऐकायचो. एकदा हे चालू असतानाच लिंबाजी दुकानात आले. ओट्यावरचा एकजण म्हणाला, "काय लिंबाजी, औंदा हुरडा कलेक्टरलाच का?" सगळे हसले. लिंबाजींनी काखेतून माझी खाकी पिशवी काढली. धुऊन, घडी घालून आणली होती. ती त्यांनी माझ्यापुढे ठेवली, पितळी बटण वर येईल अशी.

"मन्मथअप्पा, ही राहिली व्हती तुमची," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

मी म्हणालो, "बरं." पिशवी खाली सरकवली. ते आणखी थोडा वेळ थांबले, मग गेले. त्यांनी काडेपेटीसुद्धा घेतली नाही.

नांदेडला परत गेलो तर कॉलेजच्या पाटीवर सूचना लागलेली: दुष्काळग्रस्त गावांतील विद्यार्थ्यांनी गावाचा दाखला जोडावा, परीक्षा व प्रयोगशाळा फी माफ. खिडकीवरच्या कारकुनानं माझ्या गावाचं नाव यादीत दोनदा शोधलं आणि म्हणाला, तुमच्याकडे पिकलंय वाटतं, मग फी भरा. अप्पांकडे नव्हती, मामांनी आधीच सांगितलेलं. फॉर्म भरला नाही तर वर्ष वाया, आणि ते वर्ष गेलं की दुकानात अप्पांच्या शेजारी बसायचं, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. मी लातूरला एका अडत दुकानदाराकडे गेलो. आमच्याच समाजाचे, गरीब मुलांना मदत करणारे. त्यांनी मला गूळ-शेंगदाणे खायला दिले, कॉलेजची चौकशी केली, आणि म्हणाले की मदत द्यायचीच आहे, पण या वर्षी पैसा कमी, म्हणून दुष्काळी गावच्याच पोरांना देतोय, दाखला आण. मी गावाचं नाव सांगितलं. ते भले गृहस्थ हसून म्हणाले, "तुमच्या गावात तर ज्वारी लई झाली म्हणं. एका पाणीवाल्या वाण्याच्या शेतात डोक्याएवढी." कापणीचा कागद कुणीतरी वाचलेला होता. अप्पांच्या मेहनतीची कीर्ती अशी माझ्याआधी लातूरला पोचली होती.

मी तिथून उठून सरळ कचेरीत गेलो. नवी कचेरी एका भाड्याच्या इमारतीत होती. जुन्या जिल्ह्याहून आलेली दप्तरं अजून जिन्यावर, व्हरांड्यात, लाल कापडात बांधलेली पडून होती. त्या गठ्ठ्यांच्या मध्ये काझीसाहेब बसलेले. निवृत्तीला आलेले अव्वल कारकून, जुने उर्दू नकाशे वाचू शकणारे म्हणून त्यांना मुद्दाम इकडे आणलेलं. मी म्हणालो, आणेवारीवर हरकत घ्यायची आहे. ते म्हणाले, कारण? मी म्हणालो, चुकीच्या शेतात कापणी झाली. त्यांनी जिन्यातल्या गठ्ठ्यातून नकाशा काढला, बोट फिरवत बांध शोधला, दोन्ही शेतं बघितली. मग चश्म्यावरून मला विचारलं, "दाखवलं कोन?"

मी म्हणालो, गावातल्या एका मुलानं.

"मुलाला नाव असतं ना बेटा? लिव त्याचं नाव. बिननावाचा अर्ज मी फायलीत लावत न्हाई."

मी माझं नाव लिहिलं. लिहिताना वाटत होतं की आता पोलीस येतील, सरकारची फसवणूक म्हणून कॉलेजातून काढतील. काझीसाहेबांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि मला समोरच्या गठ्ठ्यावर बसवून अर्धा कप चहा दिला. त्यांनी सांगितलं की अंतिम आणेवारी अजून लागायची आहे, साहेब पुन्हा जातील, पंचनामा होईल, वेळेत आलास. "जिल्हा नवा हाय," ते म्हणाले, "पण जमीन तर जुनीच ना? ती कुटं पळून जाते." मी उठलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "गावात सांगितला का तू?" मी म्हणालो, सांगतो. जिना उतरताना माझे पाय इतके हलके झाले होते की खालच्या हॉटेलात मी खिशातले सगळे पैसे देऊन एक प्लेट भजी खाल्ली आणि परतीच्या बससाठी एका ओळखीच्या कंडक्टरला हात जोडावे लागले. त्याचंही मला हसू येत होतं.

आठ दिवसांत जीप परत आली. या वेळी मी स्वतः डावीकडे हात केला. साहेब आमच्या शेतात शिरले, ज्वारीचं एक ताट उपटून हातात धरलं, म्हणाले, "तर हे तुमचं." मी म्हणालो, "हो साहेब, हेच." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, रागावले नाहीत, अहोजाहोही केलं नाही. "सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाले आणि लिहू लागले. अंतिम यादीत आमचं गाव आलं. शेतसारा सुटला, चारा आला, आणि मी कॉलेजच्या त्या खिडकीवर दाखला सरकवला. कारकुनानं शिक्का मारला, तो आवाज मला अजून आठवतो. त्या संध्याकाळी मुदखेडला उतरल्यावर मी क्वार्टरपर्यंत रुळांच्या कडेनं पळत गेलो. मामीनं काही न विचारता तव्यावर एक भाकरी जास्त टाकली. मामा म्हणाले, "झालं ना? मग आता अभ्यास कर." त्या रात्री इंजिनं कितीदा आली-गेली मला माहीत नाही. कित्येक आठवड्यांनी मी सलग झोपलो होतो.

इथे गोष्ट संपली असती तर मला हे लिहावं लागलं नसतं. पुढच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा महादेवाच्या देवळापुढे सरपंचांनी माझा सत्कार ठेवला. सरकारी माणसांची चूक आपल्या पोरानं लातूरला जाऊन दुरुस्त करून आणली, असं ते म्हणाले. गावाला तेवढंच कळलं होतं. नारळ दिला, शेला दिला, अप्पांचे डोळे भरून आले. लोकांच्या मागे, पायऱ्यांच्या खाली, लिंबाजी उभे होते. बोलायला सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं, आणि अभ्यासाचं महत्त्व यावर बोललो. सरकारच्या फायलीत माझी चूक माझ्या सहीनिशी होती. गावात मात्र ती लिंबाजींच्या नावावरच राहिली. फी माफ झाल्यावरही ओट्यावर कुणी ना कुणी म्हणायचाच, लिंबाजीपायी गाव बुडत होतं, मन्मथनं वाचवलं.

आज मी लातूरला रसायनशास्त्र शिकवतो. प्रयोगवहीत न बघता निरीक्षण लिहिलेलं सापडलं की मी मुलाला सगळा प्रयोग पहिल्यापासून करायला लावतो. मुलं म्हणतात, सर बाकी बाबतीत मऊ आहेत, एवढ्याच बाबतीत काय होतं त्यांना.

अप्पा गेल्यावर भावांच्या वाटण्या करायच्या ठरल्या आणि शेताची मोजणी आली. भाऊ होता, पोलीस पाटील होते, पंच म्हणून ओट्यावरचे दोन म्हातारे आले होते. लिंबाजी आपल्या विहिरीच्या कठड्यावर बसले होते, वाकलेले, हातात काठी. विहिरीवर आता मोटार होती. मोजणीदार जवळजवळ त्या साहेबांच्या तेव्हाच्या वयाचा पोरगा. त्यानं यंत्र उभं केलं आणि मला विचारलं, "सर, तुमचं शेत कुठलं?"

माझा हात उचलेना. कठड्यावरून आवाज आला, "आता नीट दावा, आप्पा."

पंचांना कळलं नाही. लिंबाजी हसत होते, पण डोळे माझ्यावर होते, त्या दिवशी दुकानात होते तसेच. मी बांध ओलांडून त्यांच्याजवळ गेलो. विचारलं की तेव्हा तुम्ही गावात का नाही सांगितलं, पिशवी तर तुमच्या हातात होती.

"कोन ऐकलं असतं माझं? म्हणले असते, अंगावरचं झटकून राहिला." काठीनं ते माती उकरत होते. "राग लई आला व्हता. द्वारकी तर म्हणली, पिशवी चुलीत घाला. मी म्हणलं, न्हाई, नेऊन देतो, पोरगं शिकलेलं हाय, बोलंल. दुकानात उभा राहिलो. देवळापुढं बी उभा राहिलो."

"आणि द्वारकाबाई?"

"गेली की. लई वर्षं झाली."

मोजणीदार थांबला होता. भाऊ मला हाक मारत होता. मी वळून सगळ्यांना इकडे या म्हणालो. पोलीस पाटील आले, ते दोन म्हातारे पंच आले, भाऊ आला. सगळे विहिरीजवळ येईपर्यंत मी थांबलो, कारण हे एकट्या लिंबाजींना सांगून भागणारं नव्हतं. मग मी खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना काका म्हणालो.

"लिंबाजीकाका, तुमची ज्वारी मी आमची म्हणून साहेबाला दाखवली. गाव तुम्हाला इतकी वर्षं बोललं ते माझ्यामुळे. तुमचा काही दोष नव्हता. माझं चुकलं, आणि गप्प बसलो ते त्याहून चुकलं. मला माफ करा."